अझेलिया आणि नाना परत नेण्याबाबत

आदरणीय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. तुम्ही उभयता कुशल असाल असे धरून चालतो. तुमच्या खालच्या डाव्या दाढेबद्दल मात्र काहीही धरून चालत नाही. तुम्ही इथून गेलात तेव्हाच ती हलत होती. ती तिकडच्या डॉक्टरला दाखवू नका. (तो चांगला असेलही. पण दाढ माझ्या ओळखीची आहे.) ताईंना नमस्कार. त्यांच्या गुडघ्यांविषयी हिने वेगळे पत्र लिहिले आहे आणि मी ते वाचलेले नाही. आमच्याकडे सर्व ठीक. दवाखाना चालू आहे. नाना ठणठणीत आहेत. झाडे जिवंत आहेत. हे शेवटचे वाक्य लिहिण्याआधी मी उठून खिडकीतून एकदा पाहून आलो.

तुमचे पत्र पोचले. नव्या घरामागे मोकळी जागा आहे, पुढच्या महिन्यात टेम्पो घेऊन याल आणि अझेलियाची फुलझाडे व नाना अशी दोन्ही मंडळी घेऊन जाल, हे वाचून आनंद झाला. ठरलेच होते तसे. तुमची बदली झाली, तिकडे मिळालेली जागा तिसऱ्या मजल्यावर, तिथे माती नाही, म्हणून झाडे तात्पुरती आमच्या अंगणात लावायची. आणि झाडांबरोबर नाना. आपल्या सासऱ्यांचा जन्म तारऑफिसात गेला. शब्द कमी करणे हेच त्यांचे काम होते, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी ते सोडलेले नाही. टेम्पोतून उतरताना ते एवढेच म्हणाले होते, "झाडं जिथे, मी तिथे." कारण त्यांनी सांगितले नाही, आपणही विचारले नाही. (सासूबाईंनी फांद्या लावून वाढवलेली झाडे. विचारण्यासारखे काही नव्हतेच.)

तर न्या. अवश्य न्या. या जोडगोळीने मला वर्षभर जो ताप दिला तो तुम्हाला आधीच माहीत असावा, आणि झाडांमध्ये काही किरकोळ फरक दिसतील त्यांचा खुलासा तुमच्या हाती असावा, म्हणून हे लिहितो आहे.

तुम्ही निघताना म्हणाला होता, "सदाहरित आहेत, काही बघावं लागत नाही." हे वाक्य मी फार गंभीरपणे घेतले. थंडीच्या तोंडावर आतली पाने पिवळी पडून गळू लागली, तेव्हा मला ती झाडांनी केलेली फसवणूक वाटली. (आता कळले आहे, की सदाहरित झाडही जुनी पाने गाळते, फक्त सगळी एकदम गाळत नाही. हे तुम्हाला ठाऊक होते. तुम्ही गुलाबावर तासभर बोलता आणि नेमके हे सांगत नाही.) माणसाच्या तोंडातून काही पडले की ते परत बसवायचे, एवढे माझे शिक्षण. मी पडलेली पाने गोळा केली आणि दात भरायच्या सिमेंटने एकेक देठ फांदीला बसवला. निळा दिवा मारून पक्का केला. काम उत्तम झाले. ती पाने आजही तिथेच आहेत. वाळून तपकिरी झाली आहेत, पण पडत नाहीत. मधे वादळ झाले, शेजारच्या गॅरेजचे पत्रे उडाले, माझे एक पान हलले नाही. नाना खुर्ची टाकून हे सगळे पाहत होते. शेवटी म्हणाले, "दुरुस्ती टिकाऊ. गरज शून्य."

मग मी बुंध्यांकडे वळलो. लावताना तुम्ही मुळांवर कुजलेल्या पाल्याचा जाड थर दिला होता. आता ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या हिरड्यांभोवतीचे कीटण खरवडले, त्याला रोज उठून असा थर दिसला तर त्याने काय करावे? मी अवजारे घेऊन मांडी ठोकली आणि एकेक बुंधा लख्ख केला. (पॉलिशही करणार होतो, हिने ब्रश काढून घेतला.) थर गेला तशी केसांसारखी बारीक मुळे वरच दिसू लागली. हिरडी खाली सरकलेली, मूळ उघडे, पकड उथळ. असा दात मी रोज बघतो. तो फार दिवस राहत नाही. नाना म्हणाले, "झाका." पण एका शब्दावर उपचाराची दिशा कशी बदलणार? खात्रीसाठी मी कुंडीतले सर्वांत लहान झाड दवाखान्यात नेले, खुर्चीत बसवले आणि एक्स-रे काढला. (शिशाचा अॅप्रन घातला होता. मी निष्काळजी नाही.) बाहेर ताटकळलेल्या शिवणकामवाल्या बाईंनी विचारले, की माझा नंबर कुंडीच्या मागे का? दवाखान्याचे बाहेरचे काम ही बघते, हे तुम्हाला माहीत आहेच. तिने पापणी न हलवता सांगितले, "त्यांना जास्त त्रास होतोय हो."

एक्स-रेत मुळे बशीसारखी पसरट दिसली. खाली खोल काहीच नाही. अझेलियाची मुळे अशीच असतात, वरच्यावर पसरतात, म्हणून त्यांना पाल्याचे पांघरूण लागते, हे सांगणारे त्या खोलीत कोणी नव्हते. मी निदान केले. पाया कमकुवत. उपाय, कॅल्शियम.

गोळ्या खलात कुटल्या. त्यात खडूची पूड घातली, आणि रंगाऱ्याने मागे ठेवलेला चुना सापडला तोही. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक झाडाला जेवणानंतर, म्हणजे पाण्यानंतर, चमचाभर. थोड्या दिवसांत पाने पिवळी झाली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. दिसायला फार सुरेख. एखाद्या प्रांताच्या नकाशात नद्या दाखवाव्यात तशा. मला वाटले, औषध लागू पडते आहे. मी मात्रा वाढवली.

वळणावरचा नर्सरीवाला तुम्हाला आठवत असेल. (तुमचे आणि त्याचे कलमावरून वाजले होते. तो तुम्हाला अजून "ते शहाणे" म्हणतो.) त्याची अक्कलदाढ काढायची होती. माझी खुर्ची अंगणाच्या खिडकीसमोर. त्याच्या तोंडात कापूस, ओठाला लाळ ओढायची नळी, आणि मी खिडकीतून हिला ओरडून विचारतो आहे, "झाडांना कॅल्शियम घातलंस का गं?" तो माणूस खुर्चीत ताडकन उठून बसला. डोळे बाहेर आलेले. दोन्ही हात जोरजोरात हलवू लागला. मला वाटले, भूल उतरली. मी आणखी एक इंजेक्शन दिले. तो माझी कॉलर धरून मला खिडकीकडे ओढू लागला. मी आणखी एक दिले. (अंगात विलक्षण ताकद.) दाढ बिनतक्रार निघाली, पण त्याचा चेहरा रात्रीपर्यंत त्याच्या ताब्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी ओठ जागेवर येताच तो दाढी न करताच दारात हजर.

"डॉक्टर, तुम्ही माणसंपण अशीच मारता का हो?"

मग त्याने सगळे समजावून सांगितले. नंतर हिला समजावून सांगितले. नंतर फाटकात उभे राहून पोस्टमनला समजावून सांगितले. अझेलियाला माती आंबट लागते. चुना पडला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. झाड भरल्या ताटावर उपाशी राहते आणि पाने पिवळी पडतात. मी त्यांना खाऊ घालत नव्हतो, त्यांचे तोंड शिवत होतो. हे ऐकून मी खुर्चीत बसलो. (माझ्याच खुर्चीत, रुग्णाच्या. ती फार अस्वस्थ करणारी खुर्ची आहे. इतक्या वर्षांत कोणी बोलले नाही.) तुम्ही परत याल, झाडे मेलेली असतील, आणि झाडे नसतील तर नाना कुठे राहणार, हा प्रश्न मला तेव्हा प्रथम पडला. त्यांच्या वाक्यात त्याची तरतूद नाही.

मग आंबटपणाचे पर्व सुरू झाले. चुन्याची वरची माती हलक्या हाताने काढली. खोदायचे नाही, मुळे दुखावतात. आंबट माती आणून घातली, चिमूट चिमूट गंधक घातले, आणि वर सूचिपर्णी झाडांच्या वाळलेल्या सुयांचा थर दिला. या सुया सार्वजनिक बागेत मिळतात. मी आणि नाना पोते घेऊन गेलो. रखवालदाराने हटकले, तेव्हा नाना म्हणाले, "वैद्यकीय." त्याने सलाम केला. हिची टोमणेबाजी वेगळीच. "जन्मभर लोकांना आंबट खाऊ नका म्हणालात, आता अंगणात बसून आंबट भरवताय. कोणी पाहिलं तर पाटी उतरवावी लागेल." पाण्याचाही प्रश्न होता. आमच्या नळाला जड पाणी येते, त्यातही चुनाच. पावसाचे पाणी साठवले तेवढे पुरेना. दवाखान्यात हत्यारे निर्जंतुक करायच्या यंत्रासाठी शुद्ध पाणी येते, ते सगळे झाडांकडे वळवले आणि हत्यारे जुन्या पद्धतीने पातेल्यात उकळू लागलो. (कोणाची तक्रार नाही. एका गृहस्थांना चिमट्याला बटाट्याचा वास आला, पण त्यांना आधीपासून वास येत असत.)

पाने पुन्हा हिरवी होऊ लागली तोच शेजारच्या वकिलांनी गाडी लावायला जागा हवी म्हणून त्यांचे मोठे झाड पाडले. आमच्या अंगणाची सावली गेली. अझेलियाला सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे चालत नाही. पाने भाजल्यासारखी होतात. मी चादर बांधली. नाना म्हणाले, "गुदमरतात," आणि चादर सोडली. त्या सुमारास दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीला रंग लागत होता म्हणून रुग्णांचे बाक अंगणात आणले होते. बँडमधला ट्यूबावाला आपल्या त्या अवाढव्य पितळी वाद्यासकट येऊन बसला, आणि त्याची सावली बरोबर मधल्या झाडावर पडली. माझे आणि नानांचे एकाच वेळी लक्ष गेले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण सासऱ्यांशी असे मत जुळण्याची ती पहिलीच वेळ.

तेव्हापासून रुग्णांना वेळ उंचीप्रमाणे दिली जाते. बुटके सकाळी, उंच दुपारी. रुंद माणसांना प्राधान्य. बेकरीवाल्याचे सगळे दात मी पुन्हा पुन्हा तपासले. त्यांत काही नाही, पण त्याच्यासारखी सावली गावात दुसरी नाही. जागा नाना ठरवतात. काठी हातात धरून हुकूम सोडतात. "पुढे. डावीकडे. बस. हलू नका." सूर्य सरकला की सगळा बाक सरकतो. शाळेतल्या बाई रागावल्या. "मला नेहमी सकाळचीच वेळ का? माझी फी काय वेगळी आहे?" हिने खूप आढेवेढे घेतले आणि अखेर खरे ते सांगितले. दुसऱ्या दिवशी बाई टोपलीएवढी हॅट घालून भर दुपारी हजर. नानांनी त्यांना आपली स्वतःची खुर्ची दिली. आता तर लोक दात न दुखताही येतात आणि बसतात. ट्यूबावाल्याला नानांनी तारेची लिपी शिकवली आहे. तो अंगणातून दोन लांब आणि एक आखूड फुंकतो, की स्वयंपाकघरातून चहा निघतो. ही म्हणते, बाकीचे संदेश मला येत नाहीत आणि येऊ नयेत.

आता छाटणीचा प्रसंग. तो लपवून उपयोग नाही, डावीकडच्या झाडाला एक बाजू कमी आहे. तुमचे पत्र आले तेव्हा वाटले, झाडे जरा नीटनेटकी करून हवाली करावीत. मी मोठी कात्री काढली. नाना उठले, खुर्ची उचलली आणि झाडांसमोर टाकून बसले.

"नाना, वेडंवाकडं वाढलंय हो."

"वाढू दे."

"साडूभाऊ काय म्हणतील?"

"त्यांना डोळे आहेत."

मी वळसा घालून मागून एक फांदी छाटलीच. (छत्तीसचा आकडा नको म्हणून मी घरात पुष्कळ गोष्टी सोडतो. त्या दिवशी सोडली नाही.) नानांनी ती फांदी उचलली, पेल्यात पाणी घेऊन त्यात ठेवली आणि पेला जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटासमोर मांडला. प्रत्येक जेवणाला. आणि बोलणे बंद केले. एरवी ते बोलत नाहीत आणि रागाने बोलत नाहीत यांत फरक कळत नाही. या वेळी कळला. न जेवता त्या फांदीकडे पाहत बसलो होतो, तेव्हा दिसले, की प्रत्येक टोकाला एक कळी आहे. लहान, घट्ट मिटलेली. पुढच्या बहराची. अझेलिया फुले ओसरल्याबरोबर छाटायची असते. नंतर छाटली की येणारी फुलेच कापली जातात. मी म्हटले, "कळ्या होत्या." नाना म्हणाले, "होत्या." आणि पेला उचलून खिडकीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात माझा दात बघायचा आरसा आणि टॉर्च घेऊन उभे होते. पानांच्या पाठीवर जाळीदार पंखांचे बारीक किडे बसतात, रस शोषतात, वरून कळत नाही. ते बघायला आरशासारखे साधन नाही. तेव्हापासून दवाखाना उघडायच्या आधी आम्ही रोज फिरतो. मी पानाखाली आरसा धरतो, ते उजेड धरतात. ते म्हणतात, "स्वच्छ." मी म्हणतो, "पुढे." एखादे पान संशयास्पद असले तर दोघे वाकून बघतो आणि आमची डोकी आपटतात. मग चहा. या सगळ्यात माझी रोजची सकाळ वाया जाते. ज्या दिवशी पाऊस असतो त्या दिवशी काय करावे ते सुचत नाही.

तर असे आहे. एका बाजूला ही नखरेल झाडे आणि दुसऱ्या बाजूला हे न बोलणारे गृहस्थ, यांच्यात माझा भुगा झाला आहे. तुम्ही या, दोघांनाही घेऊन जा आणि मला मोकळे करा. अंगण रिकामे झाले की फरशी घालून टाकीन म्हणतो. पुसायला सोपे.

कळावे,
तुमच्या दाढेची काळजी करणारा,
साडू

ता. क. झाडे उपटताना खोल खणू नका, रुंद खणा. मुळांचा गोळा मातीसकट, पोत्यात बांधून. नेताना वारा लागू नये. लावताना होती त्यापेक्षा खोल लावू नका. हे सगळे टेम्पोवाल्यांना जमत नाही. जमणारा टेम्पोवाला माझ्या पाहण्यात नाही.

ता. क. कळ्या आता फुगल्या आहेत. पुढच्या महिन्यात हलवल्या तर गळतील. बहर होऊन गेल्यावर हलवा असे नर्सरीवालाही म्हणतो. (म्हणजे, मी विचारले आणि तो नाही म्हणाला नाही. तो बोलत नाही माझ्याशी.) बहरानंतर उन्हाळा, उन्हाळ्यात हलवायची नसतात. मग बघू.

ता. क. आता सरळच लिहितो. काल नानांनी ट्रंक काढली. सदरे घड्या घालून ठेवत होते. मी म्हटले, "जायचंच का?" म्हणाले, "ठरलंय." मी म्हटले, "झाडं इथेच राहिली तर?" त्यांनी हातातला सदरा तसाच धरून विचारले, "कारण?" आणि मला कारण देता येईना. लोकांना "आ करा" सांगण्यात माझे आयुष्य गेले. काल मीच आ करून उभा राहिलो आणि आतून काही आले नाही. ठरलेले ते मोडणार नाहीत. जावयाला करमणार नाही, हे कारण त्यांच्यापुढे ठेवता येत नाही, आणि ठेवले तरी ते एक शब्द बोलून निकालात काढतील. मातीचे कारण मात्र ते मानतील. म्हणून कृपा करा आणि असे लिहून पाठवा, की तुमच्या घरामागची माती चुन्याची निघाली. मातीवर व्हिनेगर टाकले आणि फसफसले, असे लिहा. तुम्हाला खोटे लिहवत नसेल तर आधी एका कोपऱ्यात खडूची पूड मिसळा, मग व्हिनेगर टाका, आणि जे दिसेल ते खरे लिहा. ताईंना वाईट वाटेल. त्यांना म्हणावे, वर्षातून कितीदाही या, कितीही राहा. हिलाही हे सांगितलेले नाही. पाकीट बंद करून मीच पेटीत टाकणार आहे. बाहेर कोणी कण्हते आहे, बघून येतो.

नाना लिहितो. पाकीट टेबलावर राहिले. उघडले. मजकूर फार लांब, पण खरा. माझेही तेच म्हणणे. माती चुन्याची कळवा. मी आपण होऊन राहतो म्हटले तर हा डोक्यावर बसेल आणि तिकडे थोरली रुसेल. मातीवर कोणी रुसत नाही. उत्तर माझ्या नावे पाठवा. वाचून मी नाराज झाल्याचे दाखवीन.